तपकिरीची तहान

"आई, हिने तेही संपवलं!"

पद्मजेने रिकामे पातेले माझ्यापुढे धरले. तिच्या खांद्यावर पाणी गाळायचे फडके होते आणि चेहऱ्यावर, सूनबाईंच्या चेहऱ्यावर सकाळी सकाळी असू नये असे भाव होते.

"मग आणखी गाळ," मी म्हटले.

"सकाळपासून तेच करतेय. माणसांचं पाणी गाळायचं राहिलंय अजून."

आमचे घर जैनांचे. वस्त्रगाळ केल्याशिवाय पाण्याचा थेंब आमच्या घरात कुणाच्या ओठाला लागत नाही. कुत्री उंबऱ्याच्या आत राहते म्हणजे ती घरचीच, तेव्हा तिलाही गाळलेलेच पाणी मिळेल, असा मी दंडक घातला होता. त्या दिवसापर्यंत त्या दंडकाचा कुणाला त्रास झाला नव्हता. तपकीर एरवी दिवसाकाठी वाडगाभर पाणी पीत असे. त्या सकाळी मात्र ती पातेल्यात तोंड घालून उभी राहिली, की तळ चाटल्याशिवाय मान वर काढीत नव्हती. प्यायची, अंगणात जाऊन यायची, आणि पुन्हा पातेल्याशी उभी राहायची. आदल्या संध्याकाळी ती दोनदा ओकली होती. भाकरीला तिने तोंड लावले नव्हते.

कुत्री मुळात माझ्या नातीची. रेवती पुण्याला शिकायला गेली तेव्हा ती हे पिल्लू आमच्या गळ्यात बांधून गेली. तिने त्याचे नाव ब्राउनी ठेवले होते. असले नाव तासगावच्या शिवारात हाक मारायला शोभत नाही, म्हणून मी ते बदलले. रंग तपकिरी, म्हणून तपकीर. रेवती फोनवर रडली, पण कुत्रीने नवे नाव एका दिवसात घेतले. शहाण्या जनावराला हुकूम कळतो.

"आई!" सुकुमार ओसरीवरून ओरडला. माझा थोरला मुलगा. बेदाण्याचे सगळे शेड तोच पाहतो. "पाहुण्यांच्या सतरंजीवर केलंय हिने! आता हिचं पाणीच तोडा. आत जाणार नाही तर बाहेर येणार नाही. साधा हिशेब आहे."

"सुकुमार," मी म्हटले, "तहानलेल्या जिवाला पाणी नाकारणारे घर तुझे असेल. माझे नव्हे. सतरंजी उन्हात टाक."

त्याने निमूट सतरंजी उचलली. पन्नाशीला आला तरी माझ्यापुढे तो निमूटच असतो, आणि ते योग्यच आहे.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. "तिला साखर झाली असंल."

आम्ही तिघांनीही वळून पाहिले. आमचे हे, गावाचे अण्णा पाटील, रोजच्याप्रमाणे ओसरीवरच्या खाटेवर वर्तमानपत्र उघडून बसले होते. चेहरा दिसत नव्हता. फक्त वर टोपी आणि खाली धोतर.

"मला साखर निघाली तवा अशीच तहान लागायची," वर्तमानपत्र म्हणाले. "तांब्याचा तांब्या रिकामा व्हायचा."

"तुमचे लक्ष होते वाटते तिच्याकडे?" मी विचारले.

"लक्ष कशाला? लप्‌लप्‌ आवाजानं पेपर वाचवंना."

यावर पद्मजा पदर तोंडाला लावून आत गेली. कारण अण्णा पाटील आणि कुत्री हा आमच्या घरात न बोलण्याचा विषय होता. फार पूर्वी त्यांचा सुलतान नावाचा कुत्रा होता. तो म्हातारा होऊन गेला तेव्हा हे दोन दिवस मळ्यातून घरी आले नाहीत, आणि आले ते जाहीर करून आले, की या घरात यापुढे कुत्रे नको. रेवतीने पिल्लू आणले तेव्हा नातीपुढे त्यांचे काही चालले नाही. पण त्यांनी तपकिरीला कधी नावाने हाक मारली नाही. 'ती बया' म्हणायचे. 'ती बया माझ्या खाटेखाली का बसते, विचारा तिला,' असे घरभर विचारायचे. आणि ती बया दिवसभर तिथेच बसायची.

त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या शेडचा एक नियम होता आणि तो यांनीच केला होता. बेदाणा जनावराच्या तोंडी घालायचा नाही. 'निवडणाऱ्या बायांनी दिवसभर उन्हात बसून एकेक दाणा बघून काढलेला माल आहे. तो माणसानं खावा.' सुकुमार कॉलेजातून नुकताच घरी आला होता तेव्हा त्याने दारात आलेल्या नंदीबैलाला मूठभर बेदाणे चारले. चांगल्या मनाने चारले. पण यांनी त्याला शेडमध्ये नेले, सगळ्या निवडणाऱ्या बायांपुढे उभे केले, आणि 'चुकलो' म्हणायला लावले. नंदीबैलाने मान हलवून आशीर्वाद दिला होता, हे सांगूनही उपयोग झाला नाही. तेव्हापासून आमच्याकडे मांजर, बैल, कावळा, कुणाच्याही वाटेला बेदाणा गेला नाही. अशी माझी खात्री होती.

आणि आता माझी स्वतःची एक गोष्ट. घरच्यांचे कपडे धुवायला टाकण्यापूर्वी त्यांचे खिसे मी स्वतः पाहते. त्या उन्हाळ्यात यांच्या सदऱ्याच्या डाव्या खिशाच्या तळाशी मला वरचेवर चिकटलेले बेदाणे सापडू लागले. यांना गोड बंद होते. डॉक्टरांनी बेदाण्याचे तर नाव घेऊन बजावले होते, कारण बागायतदाराचा स्वभाव डॉक्टर ओळखून होते. मी काही बोलले नाही. रंगेहाथ पकडायचे तर पुरावा पक्का हवा. रक्ताची तपासणी जवळ आली होती. अहवाल येऊ दे, मग बघते, असे मी मनाशी ठरवले होते.

अहवाल दोन दिवसांपूर्वीच आला होता. साखर अगदी बेताची. डॉक्टरांनी यांची पाठ थोपटली. मला आनंद झाला हे खरेच. पण खिसाभर बेदाणे खाऊन माणसाची साखर उतरते कशी, हे काही मला उमगेना. माझा अंदाज सहसा चुकत नाही.

"डॉक्टरीणबाईंना बोलवा," मी हुकूम दिला.

"दुपारी शेडवरून आलो की..."

"आत्ता, सुकुमार."

डॉक्टर यास्मिन मुजावर स्कूटीवरून आल्या. तालुक्याला जनावरांची डॉक्टर म्हणून नव्यानेच आलेली मुलगी. अंगाने किरकोळ, पण आदल्या महिन्यात तिने आमच्या अडलेल्या म्हशीचे रेडकू बाहेर काढले होते, तेव्हा तिच्या हाताबद्दल मला शंका नव्हती. ओसरीवर येताच तिने ओढणी कमरेला खोचली आणि जमिनीवर बसकण मारली. तपकिरीच्या हिरड्या दाबून पाहिल्या, पोट चाचपले, पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली.

"आजी, पाणी तोडलं नाही ना?"

"नाही," मी म्हटले, आणि सुकुमारकडे पाहिले.

"फार चांगलं केलंत. खूप जणांचा पहिला उपाय तोच असतो आणि तोच नडतो. कुत्रं जास्त पाणी पितं ते त्याच्या आत काहीतरी बिघडलंय म्हणून. पाणी तोडलं की ते जास्तच बिघडतं." तिने पिशवीतून कागदाची पट्टी काढली आणि तपकिरीच्या मागोमाग अंगणात गेली. परत आली ती पट्टीकडे बघत. "साखर नाही."

खाटेवर वर्तमानपत्र किंचित हलले.

"मग काय असेल?" सुकुमारने विचारले.

"पुष्कळ असू शकतं. फार खारट खाणं. खाजेची किंवा सांधेदुखीची काही औषधं, माणसांच्या गोळ्यासुद्धा. यकृत. मूत्रपिंड. आणि कुत्री असेल तर गर्भाची पिशवी. हिचं ऑपरेशन झालेलं नाही ना?"

"नाही."

"माजावर केव्हा आली होती?"

सुकुमारला खांबावर काहीतरी दिसले. पद्मजेने माझ्याकडे पाहिले. सासऱ्यांच्या समोर असल्या गोष्टी आमच्याकडे बोलल्या जात नाहीत.

"महिना-दीड महिना झाला असेल," मी स्पष्ट सांगितले. "डॉक्टरपुढे लाजणारे दुखणे मोठे करतात."

"मग जुळतंय," मुलगी स्वतःशीच म्हणाली. "आता सांगा, गेल्या दोन-तीन दिवसांत हिच्या पोटात काय काय गेलं? रोजचं सोडून. अगदी खरं खरं सांगा."

मी माझ्या माणसांकडे पाहिले. "सांगा."

पद्मजेने पदराशी चाळा केला. "काल... म्हणजे परवा... शेंगदाण्याची चटणी उरली होती. भाकरीवर थोडी."

"चटणी? कुत्रीला?" मी विचारले.

"ती बघत होती हो, आई."

"सुकुमार?"

"चहातलं बिस्किट. अर्धं." त्याने मान खाली घातली. "रोज."

"मी तिला सोमवारी भाकरीवर तूप घालते," मी म्हटले. "ते उघड घालते. लपवून नव्हे."

यास्मिनबाई हसू दाबत होती. "हे सगळं चालायचं. एवढ्यानं अशी तहान लागत नाही. उंदराचं औषध? शेडमधलं द्राक्षं बुडवायचं डिपिंगचं तेल?"

"ते कुलपात असतं," सुकुमार म्हणाला.

"द्राक्षं? बेदाणे?"

सुकुमार मोठ्याने हसला. "डॉक्टर, तुम्ही नवीन आहात. या घरात जनावराला बेदाणा घालायचा म्हणजे... मला विचारा! भर शेडमध्ये माफी मागावी लागते."

"माझ्या घरात नियम मोडत नाही," मी ठामपणे सांगितले. "पण बेदाण्याने काय होणार? तो तर शक्तीचा."

"माणसाला. कुत्र्याला विष. सगळ्याच कुत्र्यांना होतं असं नाही, आणि का होतं ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही. पण ज्याला बाधतं त्याची मूत्रपिंडंच जातात. आधी ओकतं, मग असं पाण्यामागं लागतं. आम्हाला कॉलेजात शेवटच्या वर्षी सांगितलं. मी तासगावला आले तेव्हा पहिली भीती तीच वाटली होती मला." तिने पिशवी बंद केली. "पण तुमच्याकडे नियमच आहे म्हटल्यावर प्रश्न मिटला. मला गर्भाच्या पिशवीचाच संशय आहे. आत पू झाला असणार. मिरजेला न्यायचं आणि आजच्या आज ऑपरेशन. रक्त मी काढून घेते, पण त्याचं उत्तर संध्याकाळी येईल. तोवर थांबणं बरं नाही."

"आणि समजा, पिशवी नसेल तर?" मी विचारले. का विचारले, ते मलाही तेव्हा सांगता आले नसते.

"तर पंचाईत. मूत्रपिंडं बिघडलेली असताना भूल दिली तर ती टेबलावरच जाईल, आजी. तसं असेल तर चिरफाड नकोच. इथंच, आत्ता, शिरेतून सलाईन लावायचं. म्हणून तर खोदून खोदून विचारतेय."

सुकुमार जीप काढायला निघाला. पद्मजा जीपमध्ये अंथरायला दुसरी सतरंजी आणायला आत वळली. तपकीर धडपडत उठली. तिला पातेल्याकडे जायचे असेल असे मला वाटले, पण ती खाटेकडे गेली आणि आपल्या नेहमीच्या जागी, यांच्या चपलेवर हनुवटी ठेवून पडली.

वर्तमानपत्राचे पान फार वेळ उलटले नव्हते. त्याच्या कडेखालून यांचा डावा हात दिसत होता. तो सदऱ्याच्या खिशावर होता. खिसा झाकून धरलेला.

तेव्हा मला माझे गणित सुटले. खिशात बेदाणे होते आणि साखर उतरली होती, कारण बेदाणे यांच्या तोंडात गेलेच नव्हते.

आता मला काय करता आले असते ते सांगते. मी म्हणू शकले असते, 'अहो, खिसा उलटा करा.' माझ्या अधिकारात ते होते. पण मी या माणसाबरोबर एक संसार केला आहे. ज्या मुलाला शेडभर बायांपुढे उभे केले, त्याच्यासमोर, त्या परक्या मुलीसमोर, आणि ज्या जनावराला चारचौघांत कधी हात लावला नाही त्याच्यासमोर यांना पकडले असते, तर यांनी 'नाही' म्हटले असते. आणि अण्णा पाटलांचे 'नाही' म्हणजे दगडावरची रेघ. एकदा उमटली की त्यांनाही पुसता येत नाही. मग कुत्री मिरजेच्या टेबलावर गेली असती.

मी जन्मात खोटे बोलले नव्हते. माझे सत्याचे व्रत आहे. मुनी महाराजांसमोर घेतलेले.

"थांब, सुकुमार," मी म्हटले. "बेदाणे मी घातले."

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. पद्मजेच्या हातातून बहुधा डबा सुटला. सुकुमार पायरीवर वळला.

"आई, तू?"

"मी."

"तू? नियम माहीत असून?"

"चारदा विचारलेस म्हणून उत्तर बदलणार नाही."

यास्मिनबाई झटकन माझ्यासमोर आली. "केव्हा, आजी?"

"परवा." अहवाल परवा आला होता.

"किती?"

हे मला सुचले नव्हते. खोटे बोलणाऱ्याला इतक्या तयारीने बोलावे लागते, याची मला कल्पना नव्हती. "मूठभर," मी म्हटले.

"तुमची मूठ?" तिने माझा हात हातात घेऊन बोटे मिटून पाहिली. माझा हात लहान आहे. "आणि हिचं वजन... नाही. एवढ्यावर मी ठरवू शकत नाही. इतक्यानंही होतं कधी कधी, पण पिशवीची लक्षणं जास्त जुळतायत. मूठभरच नक्की?"

"नक्की."

"मग मला मिरजेलाच..."

"मूठभर न्हाई."

वर्तमानपत्र खाली आले. यांचा चेहरा मी इतका लाल कधी पाहिला नव्हता. आमच्या लग्नातही नाही.

"ओंजळभर," हे म्हणाले. "दोनदा. आणि तिचं काय ऐकू नका, डॉक्टरीणबाई. ही खोटं बोलतीय. जन्मात पहिल्यांदा बोलतीय, आणि तेबी धड जमलं न्हाई हिला."

सुकुमारचे तोंड उघडेच राहिले. हे कुणाकडेही बघत नव्हते. चपलेवरच्या त्या तपकिरी डोक्याकडे बघत होते.

"रोज दोन-चार दाणे द्यायचो. खाटेखाली बसून तोंडाकडं बघत ऱ्हायची. मला खायला बंदी, मग माझ्या वाटणीचे हिला. परवा रिपोर्ट आला. चांगला आला. घरात चांगली गोष्ट झाली की कुणाचं तरी तोंड गोड करावं लागतं, का न्हाई? मला तर गोड चालत न्हाई." त्यांनी घसा खाकरला. "म्हणून माझ्या बदली हिचं केलं. शेडच्या मागं. नव्या मालातलं. एक नंबरचं."

कुणी काही बोलायच्या आत यास्मिनबाईने पिशवी उघडली होती. "सलाईन टांगायला काय आहे?"

"झोपाळ्याची कडी," मी म्हटले. "पद्मजा, स्वच्छ चादर. सुकुमार, जीप राहू दे, तिचे पाय धर."

"खाली जमिनीवर ठेवू का?" सुकुमारने विचारले.

"जमिनीवर कशाला?" हे उठून उभे राहिले. "खाटेवर घे."

सुलताननंतर त्या खाटेवर कुत्र्याचे केस पडले नव्हते. तपकिरीला त्यांनी स्वतः उचलले. पुढच्या पायाचे केस कापले, सुई शिरली, तेव्हा ती कुंईऽ करून ओरडली, आणि यांनी पहिल्यांदा चारचौघांत हाक मारली.

"तपकीर. ए तपकीर. झालं, झालं."

संध्याकाळी रक्ताचे उत्तर आले. मूत्रपिंडावरच घाव होता. पण आपण वेळेत उपचाराला लागलो, असे यास्मिनबाई म्हणाली. किती पाणी आत जाते आणि किती बाहेर येते यावर लक्ष ठेवायचे, बाहेर येणे थांबले तर मात्र तिला लगेच कळवायचे, असे तिने बजावले. त्यानंतरचे दोन दिवस अण्णा पाटील, ज्यांच्या शब्दावर बाजार समितीत लिलाव थांबत असे, ते कुत्री अंगणात गेली की तिच्या मागोमाग जायचे आणि परत येऊन मोठ्याने जाहीर करायचे, "झाली!" एकदा तर सांगलीचे व्यापारी ओसरीवर बसले असताना जाहीर केले. व्यापाऱ्यांनी अभिनंदन केले. कशाबद्दल ते त्यांना कळले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सूर्य कलला तरी हे जेवायला उठेनात. दिवस मावळला की आमच्याकडे अन्न बंद.

"जेवून घ्या," मी म्हटले. "नंतर हट्ट चालायचा नाही."

"ती जेवली की."

"ती कुत्री आहे. तिला रात्रभोजनाचे बंधन नाही. तुम्हाला आहे."

"मग उपास घडंल."

मी पद्मजेला भाताची पातळ पेज करायला सांगितली. अळणी, कोमट. यांनी ती बोटाने तपकिरीच्या ओठाला लावली. तिने तोंड फिरवले. पुन्हा लावली. चिंचेच्या शेंड्यावर ऊन उरले होते तेव्हा तिने जीभ बाहेर काढली, बोट चाटले, मग वाटी चाटली, आणि मग वाटी खाटेवरून खाली पाडली.

"ताट वाढ!" हे ओरडले. "लवकर! सूर्य चाललाय!"

इतक्या घाईने जेवताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते. सुकुमार खांबाला टेकून उभा होता.

"अण्णा," तो अगदी सहज म्हणाला, "शेडच्या बाया विचारत होत्या."

"काय?"

"काही नाही. नियम अजून आहे का, एवढंच."

मी त्याला डोळ्यांनी गप्प करणार होते. पण केले नाही. नंदीबैलाचे देणे होते ते. वसूल होऊ दिले.

तपकीर स्वतःच्या पायांनी शेडपर्यंत गेली त्या दिवशी हेही तिच्याबरोबर गेले, आणि मागोमाग मीही. निवडणाऱ्या बाया ओळीत बसल्या होत्या. यांनी टोपी नीट केली आणि मुलाला जिथे उभे केले होते नेमके तिथेच उभे राहिले.

"नियम मी मोडला," हे म्हणाले. "चुकलो. आणि आता नियम दुप्पट कडक. बेदाणा जनावराला घालायचा न्हाई. कुत्र्याला तर द्राक्षाचं सालबी दावायचं न्हाई. ते तिला विष आहे."

म्हाताऱ्या सोनाबाईने हातातले सूप खाली ठेवले. "अण्णा, आणि तुमास्नी?"

"मलाबी न्हाई."

"मग ठीक हाय," सोनाबाई म्हणाली, आणि सगळे शेड हसले. सुकुमार सर्वांत मोठ्याने हसला. मग त्याने बापाच्या हाताला धरून त्यांना खुर्चीवर बसवले आणि पाणी दिले.

त्या दिवशी घरी परतताना वाटेत यांनी मला विचारले, "तुझ्या व्रताचं काय?"

"कुठल्या?"

"खोटं बोललीस की."

"बोलले."

"कुत्रीसाठी?"

"मग काय तुमच्यासाठी?" मी म्हटले.

तपकीर पुढे धावत होती, मागे वळून आम्ही येतो की नाही ते पाहत होती, आणि पुन्हा धावत होती.

"मूठभर म्हणं," हे म्हणाले, आणि बांधावर थांबून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

घरी आल्यावर मी त्यांचे सगळे सदरे कपाटातून काढले आणि एकूण एक खिसा शिवून टाकला. पक्का, दुहेरी टाका. त्यांनी पाहिले आणि वर्तमानपत्र उघडले. निषेध नोंदवला नाही. मी स्वतः मंदिरात जाऊन प्रायश्चित्त म्हणून गोड सोडले. तेव्हा वर्षभर आमच्या घरात दोघांनाही बेदाणा बंद होता, आणि तिसरीला तर होताच.

या सगळ्याला आता पुष्कळ वर्षे झाली. तपकीर पुरते आयुष्य जगली. तिची तहान पुढे पुन्हा एकदा वाढली ती अगदी म्हातारपणी, आणि तोवर आम्हाला पातेल्याची भाषा कळू लागली होती. पाणी वाढले की यास्मिनबाईला फोन जायचा. हे त्यांच्या वेळेला गेले, झोपेत, कुणालाही त्रास न देता, त्यांना शोभेल असे. पण मला सांगायचे आहे ते त्याच उन्हाळ्यातले, थोड्या दिवसांनंतरचे.

कपडे धुवायला टाकताना मी नेहमीप्रमाणे सदरा हातात घेतला. डाव्या खिशाचा माझा दुहेरी टाका ब्लेडने उसवलेला होता. धागे लोंबत होते. मी आत बोटे घातली. हिरवट, ओलसर, बारीक चिरलेले काहीतरी हाताला लागले.

मी ओसरीवर गेले. वर्तमानपत्र उघडे होते.

"हे काय आहे?"

"काकडी," वर्तमानपत्र म्हणाले.

"कुणाला?"

"मला. डॉक्टरांनी सांगितलंय."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

वर्तमानपत्र खाली आले नाही. खाटेखाली मात्र एक शेपूट जमिनीवर आपटू लागले, धप्‌, धप्‌, धप्‌, आणि थांबेना.

माझ्या घरात उसवलेले कपडे कुणी घालत नाही. मी सुई-दोरा आणला, उजेडाला बसले, लोंबणारे धागे कापले, आणि तो खिसा उघडा ठेवून त्याच्या कडा चांगल्या पक्क्या करून दिल्या.